बरा झालेला हात

अर्धांगवायूच्या झटक्याने नवऱ्याचा डावा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळपेशी त्याच्या मेंदूत सोडल्या, आणि ज्या हाताने जन्मात इकडची काडी तिकडे केली नव्हती, तो चक्क बायकोची बट कानामागे सारू लागला.

"इश्श! दुखणं मानवलं म्हणायचं तुम्हाला," म्हणत तिने डोळे मिटून घेतले. बोटं तिच्या भुवयांवरून, नाकावरून, हनुवटीवरून सावकाश फिरली, आंधळ्याने परका चेहरा चाचपावा तशी. तिने डोळे उघडले. नवरा घामाने निथळत होता. उजव्या हाताने तो आपलंच डावं मनगट मागे ओढत होता.

"अगं, लांब हो," तो कसाबसा म्हणाला. "हे मी करत नाहीये. हा हात..."

डावा हात तिच्या गालावरून निघाला आणि अलगद त्याच्या तोंडावर जाऊन बसला.