त्यांच्यातली
पाच घरं पाहून झाली होती. सहाव्याच्या दारात दोघी बॅगा घेऊन उभ्या होत्या: कर्नाटकातल्या हल्याळची गिरिजा, शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातल्या सिद्दी समाजाची, आणि टांझानियाची नीमा. आफ्रिका दिनाच्या कार्यक्रमात नीमाने गिरिजाला सगळ्यांसमोर मिठी मारली होती. “चारशे वर्षांपूर्वी नेलेली आमची बहीण सापडली,” म्हणाली होती. तेव्हापासून दोघी पुण्यात एकत्र राहायला खोली शोधत होत्या.

“आफ्रिकन मुली ठेवत नाही हो आम्ही,” मालकीणबाई म्हणाल्या.

गिरिजाने घाईघाईने आधार कार्ड पुढे केलं. “काकू, मी हल्याळची, आपल्याकडचीच. त्यांच्यातली नाही मी.”

“मग तू ये. तिला नको.”

नीमाला एवढं मराठी कळत होतं. तिने आपली बॅग उचलली. “तू राहा, परीक्षा आलीय.”

गिरिजाला मान वर करवली नाही. आत जाऊन तिने पावलांनी खोली मोजली. दोन खाटा ठेवूनही मध्ये चार पावलं जागा उरत होती.