भारा

अंकिता पुन्हा मागच्या मागे आपटली. पायांतल्या स्केट्सची चाकं हवेत गरगरत राहिली.

“आंग मांगं टाक गो! टाचा रोव!” रस्त्याच्या कडेला बसलेली तिची आजी, गुणाबाई, ओरडली.

“मागंच टाकलं होतं, आजी,” प्रणित खालून म्हणाला. “म्हणून तर आभाळ बघतेय ती.”

बाकीची पोरं हसली.

नेऱ्याच्या डोंगरावर प्लॉट पाडण्यासाठी नवा डांबरी रस्ता चढवला होता. गाड्या तिथे अजून फिरकत नव्हत्या. शाळेतून निवृत्त झालेले हरेश सर रविवारी सकाळी पोरांना इथे स्केट्सवर उतार उतरायला शिकवत. थांबता यावं म्हणून तळाशी पेंढा पसरून ठेवत. पुढच्या महिन्यात ते त्यांना मनालीला, बर्फावर स्कीइंग करायला नेणार होते. जो हा उतार न पडता उतरेल तो येणार, असं ठरलं होतं. एकटी अंकिता राहिली होती, आणि आज शेवटचा रविवार होता.

सर चढून तिच्यापाशी आले. “गुडघे वाकव. अंग पुढे, उताराकडे. मागे गेलीस की चाकं पायाखालून पळतात.”

हे त्यांनी आधीही बरेचदा सांगितलं होतं, आणि दर वेळी याच आवाजात. अंकिताला ते पटायचं. पण उतार लागला की तिचे पाय आजीचंच ऐकायचे. इथे रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, तेव्हापासून ती आजीच्या मागून गवताचा लहानसा भारा घेऊन हा डोंगर उतरत आली होती. अंग मागे, टाचा रोवून. तशी उतरताना ती कधी पडली नव्हती.

“सर, मी नाही येत मनालीला,” ती हळूच म्हणाली. “नाहीतरी मला थंडी सोसत नाही.”

सर तिच्याशेजारी डांबरावर बसले. मग गुणाबाईकडे वळून म्हणाले, “आजी, जरा खाली त्या पेंढ्याजवळ जाऊन उभ्या राहता? बोलायचं काही नाही. नुसते हात पुढे करायचे.”

“मंग तिला कोन सांगंल?”

“ती तुमच्याकडे बघत येईल.”

गुणाबाईने पदर खोचला. “पोरीचं दात पडलं तर सोडनार नाय तुमाला, मास्तर,” असं म्हणत ती निघाली.

“बघ, कशा उतरतात,” सर म्हणाले.

अंकिता बघत होती. आधी टाच, मग पाऊल. मान ताठ, कंबर मागे. आजी एकदाही पायाखाली बघत नव्हती.

“काही चुकतंय का त्यांचं?”

“नाही.”

“भारा घेऊन असंच उतरायचं असतं. तुझ्या डोक्यावर काय आहे?”

अंकिताने हात लावून पाहिला. “हेल्मेट.”

“मग झालं तर.”

ती उठली. खाली आजी एवढीशी दिसत होती. तिने हात पुढे केले होते. अंकिताने गुडघे वाकवले आणि चाकं सोडली. उतार लागला तशा टाचा जड झाल्या. ती हाकेची वाट बघत राहिली, पण हाक आली नाही. मग तिने त्या हातांकडे अंग झोकलं.

कडेचं पिवळं गवत भराभर मागे गेलं. चाकं पळाली नाहीत, पायाखालीच राहिली. वळण गेलं, प्रणितचा उघडा राहिलेला जबडा गेला, आणि ती पोटावर पेंढ्यात घुसली.

तोंडातली काडी थुंकत ती उठली. पोरं शिट्ट्या मारत होती. वरून सर सावकाश उतरत येत होते.

आजी मात्र जागची हलली नव्हती. तिच्या टाचा मातीत रुतल्या होत्या, अंग मागे गेलं होतं, आणि पुढे केलेले हात कधीतरी वर जाऊन डोक्यावर घट्ट बसले होते.

अंकिताने तिचं मनगट धरून हलवलं.

“आजी, पोचली मी. टाक आता भारा.”