झालरीचं तोंड

या, असे जवळ सरका. गोष्ट लहानशीच आहे, पण कान आणि मन दोन्ही इकडे द्या.

पडदेवाली स्टुलावर चढून खिडकीवरच्या दांडीला नवी झालर अडकवत होती. पिवळी, दाट चुण्यांची, खाली गोंडे.

"सुलट बाजू बाहेर हं. काचेकडे," आजी खालून म्हणाल्या.

"अहो आजी, मग घरात तुम्हाला नुसतं अस्तर दिसेल."

"दिसू दे."

"एवढ्या उंचावर बाहेरून बघणार कोण? कावळे? आमच्या धंद्यात म्हणतात, झालरीचं तोंड माणसाकडे."

"म्हणूनच बाहेर. आमचे हे असतात तिथं."

पडदेवालीचं हसू ओठांवरच राहिलं. आजी मात्र भाजी निवडता निवडता बोलावं तसं सांगत होत्या. नवरा रंगारी. दोराला टांगलेल्या फळीवर बसून उंच इमारती रंगवायचा. एकदा याच इमारतीचं काम निघालं. फळी या खिडकीपाशी आली, त्यानं काचेवर टकटक केली, आजी ओले हात पुसत धावल्या, आणि दोर तुटला. तेव्हापासून दुपार झाली की काच वाजते.

"जन्मभर लोकांच्या झालरींचं अस्तरच पाहिलं हो त्यांनी. निदान आपल्या घराची तरी चांगली बाजू दिसावी. म्हणून मी उलटीच लावते. आत या म्हणते, तर येत नाहीत. तेवढंच एक राहिलंय बघ माझं. एकदा आत यावं, बसावं."

आजी चहा टाकायला गेल्या. पडदेवालीचं मन एकीकडे आणि हात दुसरीकडे; हातांना जन्माचं वळण. शेवटची कडी अडकवली आणि काच वाजली.

टक टक.

काचेवर वाफ धरली, एका श्वासाएवढी. तिनं घाईघाईनं फडक्यानं पुसली. पुसली जाईना. वाफ बाहेरून होती.

मग ती आपोआप विरली. खिडकी बंद, कडी लावलेली. तरी गोंडे हलले. एकेक करून, जणू कुणी मान वाकवून खालून येतंय. तेव्हा कुठं तिचं वर लक्ष गेलं. झालरीचं तोंड आत लागलं होतं.

"आजी, चुकलं! उलटी... म्हणजे सुलटी लागली हो! आत्ता फिरवते!"

आजी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या झालरीकडे पाहतच नव्हत्या. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीची गादी हळूच दबली होती.

"राहू दे गं," त्या कुजबुजल्या. "सगळी शोभा बाहेरच मांडली, मग हे आत कशाला येतील? इतकी वर्षं मीच त्यांना बाहेर ठेवलं."

सज्जनहो, देवाचं नाव घ्याल तेव्हा आपल्या भिंती रंगवताना दोरावर लोंबकळणाऱ्या त्या माणसाचीही आठवण असू द्या.