अमेरिकेची पाखरं

पुष्पलतानं डब्यात डोकावून पाहिलं. रॉकेलवर काळ्या, काटेरी अळ्या मरून तरंगत होत्या.

“एकही सोडली नाही, बाई,” बागवाली अनुसया म्हणाली. “तुमची लाल पाखरं मेली, त्याले मी काय करू? पण या मेल्यांले पान खाऊ देलं नाही.” संत्र्यावरची अळी दिसली की वेचून रॉकेलात टाकायची, हे तिला सासूनं शिकवलं होतं.

शेतकी प्रयोगशाळेतल्या पुष्पलतानं कळमेश्वरच्या या बागेत शेंड्यांचा रस शोषणारी मावा कीड खाणारे लाल ढालकिडे सोडले होते. अमेरिकेहून आलेले, नागपूरच्या उन्हातून कसेबसे तगलेले, होते नव्हते तेवढे सगळे. “लाल पाखरांना जपा, फवारा मारू नका,” असं दहादा बजावून ती गेली होती. त्यांची पिल्लं अशी ओंगळ काळी अळी होऊन जन्मतात, आणि मावा खरा तीच फस्त करतात, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. शिकल्यासवरल्या बाईची अक्कल नेमकी तिथंच शेण खायला गेली होती.

“काहून बाई, अशा काय पाहून राहिल्या?”

“आता दुसरे किडे नाहीत हो,” पुष्पलता कशीबशी म्हणाली.

बांधावर अनुसयाचा नवरा, मारोतराव, लाकडाच्या टालवाल्याला झाडं दाखवत होते. माव्यानं खराब झालेली बाग तोडायचं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. बायको हटून बसली म्हणून थांबले होते. कोवळ्या शेंड्यांवर मावा मात्र मजेत होता.

पुष्पलता वेड्यासारखी पानं उलटू लागली. या झाडाची, त्या झाडाची. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि तो काढायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं. तेवढ्यात एका पानामागं ती दिसली. एकच अळी, जिवंत, निवांत मावा खात बसलेली. पुष्पलतानं हलकेच बोट पुढं केलं.

“थांबा बाई, चावन!” अनुसयानं तिच्या खांद्यावरून हात घातला आणि अळी चिमटीत चिरडली.

“बरं झालं तुम्ही आल्या,” लुगड्याला बोटं पुसत ती हसली. “ही तं मले दिसलीच नव्हती.”