पुढची सीट

वैजनाथरावांनी हौसेनं घेतलेल्या जुन्या विदेशी एसयूव्हीत एअरबॅगचा लाल दिवा दोन वर्षांपासून पेटलेला होता. ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग धडक बसली तरी उघडणार नाही, असं मेकॅनिकनं तेव्हाच सांगितलं होतं. त्या सीटवर रोज त्यांची बायको स्नेहलता बसायची. मेहकरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची.

"अहो, तेवढी दुरुस्त करून घ्या ना."

"दीड लाख लागते! ह्या गाडीचे पार्ट काय इथं भेटते? तू पट्टा लाव अन् गुमान बस."

तिनं वेग, वस्तुमान, बल, सगळं समजावलं.

"माह्यापुढं नववीचा वर्ग घेऊ नको," ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी त्या दिव्यावर बालाजीचं स्टिकर चिकटवलं. पुढे तिनं विचारलं, की ते नुसतं स्टिकरकडे बोट दाखवायचे.

शनिवारी ती गाडीत बसली आणि बघतच राहिली. स्टिकर काढलेलं होतं. दिवा विझलेला होता.

"दुरुस्त केली?"

"हाव. पार्ट पुण्याहून बोलावला. गेले दीड लाख."

तिला एकदम भरून आलं. आपण या माणसावर उगाच इतकं चिडलो, असं वाटलं. पट्टा लावता लावता तिनं हसून विचारलं, "आताच कसं सुचलं हो?"

"अवं, उद्या जावई येऊन राह्यले ना धोंड्याच्या जेवणाले," गिअर टाकत ते म्हणाले. "त्यायले काय मागच्या सीटवर बसवू?"