पुढचं उजवं चाक

"दाबा," गाडीखालून सीताराम म्हणाले.

अनंतने ब्रेक दाबला.

"धरून ठेवा. सोडू नका."

पाना फिरला. मागच्या चाकाशी लावलेल्या नळीतून बुडबुड्यांसकट ब्रेक ऑइल बाटलीत उतरलं.

"आता सोडा."

सासऱ्या-जावयात सकाळपासून एवढंच बोलणं झालं होतं. सीतारामांच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात जुनी फियाट विटांवर चढवून ठेवली होती. मूळची ती सीतारामांचीच. रिटायर झाल्यावर त्यांनी ती जावयाला दिली होती. गेल्या महिन्यात आरे कॉलनीच्या उतारावर तिचे ब्रेक गेले. रस्ता सोडून ती गवताच्या ढिगात शिरली आणि डाव्या अंगाने झाडावर आदळली. शेजारच्या सीटवर बसलेल्या उत्तराचा डावा हात मोडला. अनंतला नुसतं खरचटलं. तेव्हापासून उत्तरा माहेरी होती आणि ओढून आणलेली गाडी इथेच अंगणात झाकून ठेवली होती. आज तो तिला न्यायला आला होता.

"आधी पाइप मी माझ्या हाताने बदलणार," सीतारामांनी दारातच सांगितलं होतं. "त्याशिवाय माझी मुलगी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

काढलेले पाइप गाडीच्या उजव्या दाराशी, अनंतच्या बाजूला पडले होते. गंजून त्यांचे पापुद्रे सुटले होते.

"बोट लावलं तर मोडले," सीताराम पुढच्या चाकाकडे सरकत म्हणाले. "कधी वाकून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मेकॅनिक काही बोलला नव्हता."

"मेकॅनिकची बायको बसत नव्हती ना त्यात."

अनंतने दात आवळले. "मी गाडी गवतात घातली म्हणून निभावलं, नाना. उत्तराने सांगितलंय तुम्हाला."

"सांगितलंय. म्हणून तर सकाळी चहा मिळाला."

तीन चाकं झाली. राहिलं पुढचं उजवं. सीतारामांनी गोणपाट ओढून घेतलं आणि आडवे होता होता त्यांची नजर ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीवर गेली. ती पुढच्या बाजूला पिळवटली होती.

"हे दार कधी वाकलं?"

"धडकेत."

"धडक डावीकडे बसली. हे उजवं दार आहे."

सीतारामांनी बिजागरीवरून बोट फिरवलं. बंद दार असं वाकत नाही. गाडी आदळली तेव्हा ते सताड उघडं असणार. ते उठून बसले.

"अनंतराव, गाडी आदळली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

अनंत ब्रेकवरच्या आपल्या पायाकडे बघत राहिला.

"मी ठरवून उडी नाही मारली," तो शेवटी म्हणाला. "पाय आपोआप बाहेर गेला."

"मग स्टेअरिंग कोणी फिरवलं?"

वर गॅलरीत उत्तरा उभी होती. प्लास्टरमधला हात तिने कठड्यावर टेकवला होता. अनंतने वर पाहिलं नाही. सीतारामांनी पाहिलं आणि त्यांची मूठ पान्यावर आवळली. अनंत तसाच बसून राहिला. त्याने अंग चोरलं नाही, की हातही वर केला नाही.

सीताराम पुन्हा गाडीखाली आडवे झाले.

"दाब," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून जावयाशी ते कधी एकेरीत बोलले नव्हते.

"नाना, माझं ऐका..."

"दाब म्हणतो ना."

चौथं चाक झालं. विटा निघाल्या, गाडी जमिनीला टेकली. सीताराम चिंध्यांना हात पुसत होते, तेवढ्यात उत्तरा खाली आली. तिच्याबरोबर बॅग नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" सीतारामांनी विचारलं.

"तुम्ही मला परत जाऊ दिलं नसतंत."

"नसतंच दिलं."

"जायचं की नाही ते मला ठरवायचं होतं, नाना. तुम्हाला नाही."

ती गाडीपाशी गेली. अनंतने आतूनच पलीकडचं दार उघडलं.

"बस, उत्तरा. ब्रेक आता ठीक झालेत."

"झाले असतील. नानांनी केलेत."

"मग?"

"तुम्ही उडी मारलीत, त्याचं मला एवढं काही नाही," उत्तरा हळू म्हणाली. "जिवाची भीती कुणालाही वाटते. पण हॉस्पिटलात तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, 'मी वळवली म्हणून गाडी थांबली.' स्टेअरिंग मी फिरवलेलं, तरी माझ्याकडे बघून सांगत होतात. मी पण हो म्हटलं. मग रोज वाट बघितली. म्हटलं, दोघंच असताना तरी हा माणूस माझ्याशी खरं बोलेल."

"आत्ता सांगितलं ना मी."

"नानांना सांगितलंत. तेही दार बघितल्यावर."

तिने उघडलेलं दार ढकलून लावलं. दार लागल्याचा आवाज अंगणभर झाला.

अनंतने गाडी चालू केली. फाटकापाशी मागचा लाल दिवा लागला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मग घाटकोपरच्या घराच्या दिशेने वळली.

"ब्रेक चांगले लागले," सीताराम म्हणाले.

ते मागे वळले. उत्तरा केव्हाच जिना चढून गेली होती.