ग्वाल्हेरचा महिना

"ताई, श्रावणात मटण?" मी फोनवर ओरडलोच.

"आमच्या ग्वाल्हेरला महिना पौर्णिमेला बदलतो. श्रावण राखीलाच संपला!"

आमच्या अण्णांना तीनशे वर्षांपूर्वीचा शिलालेख सापडला होता तोही ग्वाल्हेरजवळच. दगडावर श्रावण वद्य पंचमी, मंगळवार कोरलेलं. त्या वर्षीच्या त्या तिथीला गणितानं मात्र बुधवार यायचा. तपासायला नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनं दगड बनावट ठरवला, तेव्हापासून अण्णा घराबाहेर पडले नव्हते.

तिथल्या दगडाला आम्ही सगळ्यांनी इथलं पंचांग लावलं होतं! तिकडचा श्रावण वद्य म्हणजे आपला आषाढ वद्य. मी घाईघाईनं वार पुन्हा काढला. मंगळवारच!

अण्णांनी ऐकलं, डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि चपला शोधायला लागले. "आज आपणही ग्वाल्हेरचाच महिना धरू. पिशवी दे, मटण मीच आणतो."